वाटून न संपलेला वारसा: दक्षिण आशियाच्या सामायिक वारशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि व्याख्यानांना जाऊ लागले. कधी वाचनालयात, कधी गणेशोत्सवात, कधी शिक्षकांच्या शिबिरात. विषय एकच: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका यांच्यात जे सामायिक आहे ते. व्याख्यान संपलं की चिठ्ठ्या येतात, घरी पोचेपर्यंत व्हॉट्सअॅपवर प्रश्न येतात, आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून ते इथे एकत्र उतरवले आहेत. कुठल्याही प्रश्नापासून वाचायला सुरुवात करा. जिथे दुसऱ्या उत्तराशी धागा जुळतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. 'सामायिक वारसा' म्हणजे नेमकं काय? आपला तो आपला, त्यांचा तो त्यांचा, असं का नाही?

आजच्या सीमा १९४७ आणि १९७१ च्या. त्याआधी हजारो वर्षं माणसं इथे राहिली, बोलली, विणत आणि पेरत राहिली, देवाला नवस करत राहिली. त्यांनी मागे ठेवलेलं आज एकाहून अधिक देशांत सापडतं, तो सामायिक वारसा. त्याला 'आमचा' म्हणायला कुणाचीच हरकत नसावी. 'फक्त आमचा' म्हटलं की भांडण सुरू होतं, आणि बहुतेक वेळा ते म्हणणं खरंही नसतं.

२. सिंधू संस्कृती भारताची की पाकिस्तानची?

दोघांची, आणि थोडी अफगाणिस्तानचीही. हडप्पा पाकिस्तानी पंजाबात आहे, मोहेंजोदडो सिंधच्या लारकाना जिल्ह्यात. राखीगढी हरियाणात, कालीबंगा राजस्थानात, लोथल आणि धोलावीरा गुजरातेत. शोर्तुगई अफगाणिस्तानच्या उत्तरेला. या लोकांनी विटा भाजल्या तेव्हा यातला एकही देश नव्हता, आणि त्यांची लिपी अजून वाचता आलेली नाही. स्वतःला ते काय म्हणवत हेसुद्धा आपल्याला कळलेलं नाही, मग त्यांना पासपोर्ट कुठला देणार?

मराठी वाचकांसाठी यात दोन गोष्टी मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. मोहेंजोदडोला आधी पोचलेल्या पुरातत्त्वज्ञांपैकी एक म्हणजे देवदत्त रामकृष्ण भांडारकर. १९११-१२ च्या सुमारास त्यांनी ते टेकाड पाहिलं, विटा पाहिल्या, आणि जागा फार तर दोनशे वर्षांची असावी असा निष्कर्ष काढला. इतक्या नीटस भाजलेल्या, एकसारख्या मापाच्या विटा साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या असतील हे तेव्हा कुणाला सुचलं असतं? दहाएक वर्षांनी राखालदास बंदोपाध्याय यांनी तिथे खणायला घेतलं आणि १९२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी या संस्कृतीची बातमी जगाला दिली. पुढे १९२५-२६ च्या हंगामात तो प्रसिद्ध 'पुरोहित राजा' मातीतून बाहेर आला. अंगावर तिपानी नक्षीची शाल, अर्धे मिटलेले डोळे, उंची जेमतेम साडेसतरा सेंटीमीटर. ते उत्खनन काशिनाथ नारायण दीक्षित यांचं, आणि दीक्षित मूळचे पंढरपूरचे. आज ही मूर्ती कराचीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तिथल्या शाळकरी मुलांच्या पुस्तकात तिचं चित्र असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दायमाबाद. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी उत्तर-हडप्पा काळातली वस्ती सापडली आहे. १९७४ साली तिथे तांब्याच्या चार भरीव वस्तू मिळाल्या: बैल जुंपलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. प्रवरेच्या काठच्या माणसाला सिंधूकडचा हा धागा दूरचा वाटायचं कारण नाही.

उच्चाराचं एक राहिलं. उल्हासनगरला एका व्याख्यानानंतर एक वयस्कर सिंधी गृहस्थ पुढे आले. म्हणाले, "मॅडम, मोहेंजोदारो नाही. मुअन जो दड़ो. मुअन म्हणजे मेलेले, दड़ो म्हणजे टेकाड. आणि मधला 'जो' म्हणजे तुमचा 'चा'." मेलेल्यांचं टेकाड. तीस वर्षं मी हे नाव फळ्यावर लिहिलं होतं आणि त्यात मराठीसारखाच षष्ठीचा प्रत्यय बसलाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

३. फाळणीत प्राचीन वस्तूंचीही वाटणी झाली म्हणे. हार तोडून मणी वाटले हे खरं का?

खरं आहे. आणि हा प्रश्न आला की मला दर वेळी थोडं थांबून उत्तर द्यावं लागतं.

फाळणीच्या वेळी मोहेंजोदडोच्या उत्खननातल्या पुष्कळ वस्तू दिल्लीत होत्या. जागा पाकिस्तानात गेलेली, वस्तू भारतात. टेबल-खुर्च्या, टाइपरायटर, रेल्वेचे डबे यांची वाटणी झाली तशीच यांचीही करायचं ठरलं. मुद्रा, मडकी, मूर्ती अनेक होत्या, त्यामुळे ढीग पाडता आले. पण काही वस्तू एकेकच होत्या. सोन्याचे आणि जेड या हिरवट दगडाचे मणी ओवलेला हार एकच. कार्नेलियन या दगडाच्या लांबट, लालसर मण्यांचा कमरपट्टा एकच. ते उसवले आणि मणी निम्मे निम्मे करून दोन्ही देशांना दिले.

कार्नेलियनचा असा एक लांब मणी घडवायला काय लागतं ते पाहा. दगड निवडायचा, भट्टीत तापवून रंग खुलवायचा, छिलून आकार द्यायचा, आणि मग कठीण दगडाच्या बारीक टोकाने दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणायचं. एका मण्याला कित्येक दिवस. अर्ध्यात तडकला की सगळं फुकट. अशा मण्यांचा अखंड पट्टा चार हजारांहून अधिक वर्षं मातीत टिकला. तो उसवला गेला दोन सरकारी याद्यांसाठी, त्या याद्या करणाऱ्यांची वाईट इच्छा नसतानाही. सामायिक गोष्ट फक्त 'निम्मी' करता येते असं मानलं की काय होतं, ते या पट्ट्याइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

नर्तकीची साडेदहा सेंटीमीटरची कांस्यमूर्ती दिल्लीला राहिली. पुरोहित राजा १९७२ च्या सिमला करारानंतर पाकिस्तानला गेला. लाहोर संग्रहालयाचीही वाटणी झाली: साठ टक्के तिकडे, चाळीस टक्के भारतातल्या पंजाबकडे. तो चाळीस टक्क्यांचा वाटा आज चंडीगडच्या सरकारी संग्रहालयात पाहायला मिळतो. त्यात गांधार शैलीची बुद्धशिल्पं आहेत. उपवासाने हाडांचा सापळा झालेल्या बुद्धाची विलक्षण मूर्ती मात्र लाहोरलाच राहिली.

४. सिंध पाकिस्तानात आहे, मग आपल्या राष्ट्रगीतात 'सिंध' अजून का?

हे गीत १९११ साली पहिल्यांदा गायलं गेलं. तेव्हा सिंध भारतातच होता. नेमकं सांगायचं तर मुंबई इलाख्यात होता (प्रश्न ८ पाहा). फाळणीनंतर, २४ जानेवारी १९५० ला ते राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलं गेलं आणि तेव्हाही शब्द तसाच राहिला. २००५ मध्ये तो काढावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, ती फेटाळली गेली. राष्ट्रगीत म्हणजे प्रदेशांची यादी नव्हे. शिवाय सिंधी माणसं, त्यांची भाषा आणि संस्कृती भारतात आहेच. उल्हासनगर वसलं तेच फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून. त्यांच्या मुलांनी शाळेत रांगेत उभं राहून 'सिंध' म्हणताना काय वाटत असेल, याचा विचार हा प्रश्न विचारणाऱ्याने जरूर करावा.

५. रवींद्रनाथांनी दोन देशांची राष्ट्रगीतं लिहिली. श्रीलंकेचंही त्यांचंच ना?

भारत आणि बांगलादेश ही दोन नक्की. बांगलादेशचं गीत १९०५ चं, बंगालच्या पहिल्या फाळणीच्या विरोधात लिहिलेलं. त्याची चाल गगन हरकरा या बाउल, म्हणजे बंगालमधल्या भक्तिपर लोकगीतांच्या परंपरेतल्या, गायकाच्या गाण्यावरून घेतली आहे. गगन टपाल वाटायचं काम करायचे. 'हरकारा' हा शब्द आपल्याही जुन्या कागदपत्रांत भेटतो. श्रीलंकेचं गीत आनंद समरकोन यांचं आहे. ते काही काळ शांतिनिकेतनात शिकले होते, म्हणून गल्लत होते.

आता पाकिस्तानचं. ते हफीज जालंधरी यांनी लिहिलं, आणि 'जालंधरी' म्हणजे भारतातल्या जालंधरचे. १९७२ मध्ये बांगलादेशात गेलेले आणि पुढे त्या देशाचे राष्ट्रकवी ठरलेले काजी नजरुल इस्लाम जन्मले पश्चिम बंगालमधल्या चुरुलियाला. या देशांचे कवी कुठे जन्मले याचा नकाशा काढला तर तो आजच्या नकाशाशी जुळत नाही.

६. बुद्ध भारतीय की नेपाळी?

जन्म लुंबिनीचा, आणि लुंबिनी आज नेपाळात आहे. यात वाद नाही. तिथल्या अशोकस्तंभावर 'इथे बुद्ध जन्मले' असं स्पष्ट कोरलेलं आहे आणि १८९६ पासून ते सगळ्यांना माहीत आहे. बोधी मिळाली ते बोधगया, पहिला उपदेश झाला ते सारनाथ आणि परिनिर्वाण झालं ते कुशीनगर, हे तिन्ही भारतात. कपिलवस्तू नेमकी कुठली यावर मात्र नेपाळातलं तिलौराकोट आणि उत्तर प्रदेशातलं पिपरहवा असा खरा वाद आहे.

नेपाळी माणूस या प्रश्नावर का चिडतो हे समजून घ्या. 'बुद्ध भारतात जन्मले' असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं आणि ते त्यांना आपला देश पुसून टाकल्यासारखं वाटतं. आपण फक्त 'लुंबिनी, नेपाळ' असं म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली आणि पुढच्याच महिन्यात ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. त्यांना ही सीमा अडचणीची वाटली नव्हती.

७. उर्दू पाकिस्तानची भाषा ना? मग आपल्याकडे उर्दू शाळा कशाला?

उर्दू घडली ती दिल्ली, लखनौ आणि दख्खनमध्ये. उर्दू गझलेचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचं नाव पहिल्यांदा येतं ते वली औरंगाबादचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. १७०० च्या सुमारास ते दिल्लीला गेले आणि फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या कवींना या भाषेतही कविता होते हे दिसलं. म्हणजे पाकिस्तानच्या राष्ट्रभाषेचं एक मूळ मराठवाड्यात आहे. उलट पाकिस्तानात ती मातृभाषा असलेली माणसं दहा टक्क्यांहूनही कमी आहेत; घराघरात पंजाबी, पश्तो, सिंधी, सराइकी बोलतात.

ती एकटीच राष्ट्रभाषा म्हणून लादली गेली तेव्हा पूर्व बंगाल पेटला. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात बांगलासाठी विद्यार्थ्यांनी गोळ्या झेलल्या. तो दिवस आज जगभर मातृभाषा दिन म्हणून पाळला जातो, आणि आपण तो साजरा करतो तेव्हा त्यामागचं ढाका क्वचितच कुणाला आठवतं.

८. यात महाराष्ट्राचा संबंध कुठे येतो? हे सगळं उत्तरेचं नाही का?

'अटकेपार झेंडा लावला' असं आपण परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीलाही म्हणतो. ते अटक म्हणजे सिंधूकाठचा किल्ला. मराठी फौजा १७५८ मध्ये तिथे पोचल्या. तो ताबा टिकला नाही, वाक्प्रचार टिकला. आज ते गाव पाकिस्तानी पंजाबात आहे.

याहून जवळचा संबंध कराचीचा. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता, म्हणजे कराचीचा कारभार मुंबईहून चालायचा. तिथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. कारकून, शिक्षक, रेल्वेतले लोक कोकणातून आणि देशावरून तिकडे गेले. कराचीतल्या सर्वांत जुन्या सरकारी शाळेला नाव आहे नारायण जगन्नाथ वैद्य यांचं. शाळा १८५५ ची. वैद्य हे सिंधच्या शिक्षणखात्यातले मराठी अधिकारी. एका मराठी माणसाचं नाव कराचीतली शाळा अजून चालवते आहे. दुसरीकडे, जीनांची कराचीतली कबर ज्या इमारतीत आहे तिचा आराखडा याह्या मर्चंट या मुंबईच्या वास्तुविशारदाने केला, आणि जीनांचा बंगला आहे आपल्या मलबार हिलवर.

फाळणीत गेले ते सगळे मुसलमान आणि राहिले ते सगळे हिंदू असंही झालं नाही. कराचीत मराठी हिंदू कुटुंबं राहिली, आणि गणपती बसवत राहिली.

९. पाकिस्तानातल्या देवस्थानांशी आपला काय संबंध?

भावसार समाजातल्या कुणालाही विचारा. त्यांची कुलदेवता हिंगलाज, आणि तिचं मूळ ठाणं बलुचिस्तानात, हिंगोल नदीच्या काठी डोंगरातल्या गुहेत. महाराष्ट्रात लग्नानंतर तिच्या नावाने ओटी भरणारी घरं आहेत. तिकडचे स्थानिक मुसलमान या जागेला 'नानी'चं ठाणं म्हणतात आणि तेही मान देतात. आजीला नानी म्हणून हाक मारणारी माणसं त्या देवीची राखण करतात, एवढं सांगितलं की सभागृहात शांतता पसरते.

कर्तारपूरचंही असंच. गुरू नानकांनी अखेरची वर्षं तिथे काढली, १५३९ मध्ये तिथेच देह ठेवला. शिखांसाठी समाधी आणि मुसलमानांसाठी कबर अशा दोन्ही खुणा तिथे शेजारी आहेत. भारतीय सीमेपासून जागा जेमतेम साडेचार किलोमीटर. ९ नोव्हेंबर २०१९ ला तिथवरचा मार्ग खुला झाला. (दोन्ही देशांतल्या ताणानुसार नियम बदलतात, निघण्याआधी चौकशी करा.) तिथे जो ग्रंथसाहिब वाचला जातो त्यात आपल्या नामदेवांची एकसष्ट पदं आहेत. म्हणजे पंढरीच्या शिंप्याचे शब्द आजही पाकिस्तानातल्या गुरुद्वारात गायले जातात.

१०. बासमती कुणाचा, टांगाइल साडी कुणाची?

इथे 'दोघांची' म्हणून सुटका होत नाही, कारण प्रश्न पैशाचा आणि कायद्याचा आहे. भौगोलिक मानांकन मिळालं की त्या नावाने माल विकायचा हक्क ठरतो. बासमती हिमालयाच्या पायथ्याशी दोन्ही पंजाबांत पिकतो. भारताने २०१८ मध्ये युरोपीय संघाकडे नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला, पाकिस्तानने हरकत घेतली.

टांगाइलचं दुखणं जास्त नाजूक आहे. टांगाइल बांगलादेशात. तिथले बसाक विणकर फाळणीनंतर नदिया जिल्ह्यातल्या फुलियाला आले आणि तिथे माग लावले. २०२४ च्या जानेवारीत पश्चिम बंगालच्या साडीला मानांकन मिळालं. बांगलादेशात संताप झाला आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी आपलं मानांकन जाहीर केलं. माझं मत विचाराल तर गावाचं नाव त्या गावाकडे राहावं आणि कसब विणकराबरोबर जिथे गेलं तिथे त्याचं पोट भरावं. संयुक्त नोंदणी अशक्य नाही: नवरोज हा सण युनेस्कोच्या यादीत २००९ पासून भारत, पाकिस्तान, इराण आणि इतर देशांच्या नावे एकत्र आहे.

११. बलुचिस्तानात पानिपतचे मराठे आहेत हे खरं का?

डेरा बुगटी भागात स्वतःला मराठा म्हणवणारा समाज आहे. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर कैदी म्हणून नेलेल्यांचे आपण वंशज, अशी परंपरा तिथे सांगितली जाते. ते मुसलमान आहेत आणि बलुची बोलतात. दर संक्रांतीला फिरणारे संदेश त्यांना 'परत आणा' म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. अडीचशे वर्षांत त्यांनी तिथे घरं बांधली, सोयरिकी केल्या. परंपरा आपल्याशी जोडलेली, माणसं त्या मातीची. दोन्ही मान्य करावं.

१२. वारसा एक म्हणता, म्हणजे फाळणी मान्य नाही असंच ना? 'अखंड भारत' म्हणायला का कचरता?

नाही. हा प्रश्न दोन्ही टोकांकडून येतो. एकाला वाटतं मी देशाभिमान पातळ करते, दुसऱ्याला वाटतं मी सीमा पुसायला निघाले आहे.

मी भारताची नागरिक आहे. माझं मत, माझा कर आणि माझी निष्ठा या देशाला. संविधानाच्या मूळ सचित्र प्रतीत पहिल्या भागाच्या माथ्यावर मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा बैल आहे. ते चित्र फाळणीनंतर काढलं गेलं, ती जागा परदेशात गेल्यावर. संविधान घडवणाऱ्यांना त्यात विसंगती दिसली नाही आणि त्यांनी लाहोर परत मागितलं नाही.

'सामायिक' हा शब्द ढाक्यात, काठमांडूत, लाहोरात कसा ऐकू जातो, हेही पाहावं लागतं. आपण मोठे, ते लहान. मोठ्या भावाने 'आपण एकच' म्हटलं की धाकट्याला सात-बारावरचं आपलं नाव जाणार अशी धास्ती वाटते. बांगलादेश तर आपली भाषा वाचवण्यासाठी रक्त सांडून झालेला देश. त्याचं वेगळेपण आधी मनापासून मान्य केलं, तरच रवींद्रनाथांबद्दल बोलणं पुढे सरकतं.

१३. परदेशात माझ्या मुलाला 'साउथ एशियन' म्हणतात. त्याने काय म्हणावं?

त्याला जे वाटतं ते. वर्गातल्या लाहोरच्या मुलाशी त्याचं लोणच्यावरून आणि क्रिकेटवरून जमतं आणि १५ ऑगस्टला तो तिरंगा लावतो, यात काही बिघडत नाही. घरी मराठी बोला, म्हणजे तिसरी ओळखही त्याच्याजवळ राहील.

१४. मुलांना यातलं काही प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर कुठे न्यावं?

दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय संग्रहालयातलं हडप्पा दालन. नर्तकी पाहून बहुतेक मुलं पहिल्यांदा "एवढीशीच?" म्हणतात. प्रश्न ३ मधला अर्धा हारही शोधा. चंडीगड वाटेत असेल तर तिथलं गांधार दालन.

मुंबईकरांना लांब जायची गरज नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा शिलालेख आहे, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा. अशोकाच्या नवव्या आज्ञेचा तो तुकडा. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, त्यांचं फळ थोडं. त्यापेक्षा नोकरचाकरांशी नीट वागा, गुरुजनांना मान द्या, असं राजा सांगतो. दगडावर ब्राह्मी लिपी आहे, डावीकडून उजवीकडे. हीच आज्ञा पाकिस्तानात मर्दानजवळ शाहबाजगढीच्या खडकावर आहे, खरोष्टीत, उजवीकडून डावीकडे. मी मुलांना वहीत दोन्ही लिप्यांतला 'क' काढायला लावते आणि मग दोन्ही गावांमधलं अंतर नकाशावर सुताने मोजायला सांगते.